भैरवीनंतरचा अभंग

सामंतबाईंच्या दाराला बेल नव्हती. कडी वाजवायची. आतून आधी ‘कोण?’ यायचं. आपण नाव सांगायचं. मग दार न उघडताच ‘कशाला?’ दोन्हींची उत्तरं मिळाली तरच कडी निघायची. नुसत्या नावावर कोणाला आत घेतलं नाही, नुसत्या कामावरही नाही. गॅसवाला असो की शेजारच्या तुळसकर वहिनी, नियम एकच. भोईवाड्यातल्या त्या चाळीत सगळ्यांची दारं दिवसभर सताड उघडी. बंद दार एकच, दुसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं. त्यामागे परळच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, गिरणीच्या विणखात्यातल्या कामगाराची मुलगी, एकटी राहायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पत्रक होतं आणि डोक्यात राग. राग माझ्या डोक्यात बहुतेक वेळा असतोच, त्याबद्दल मला काही वाटत नाही. मी लालबागची. आमच्याकडच्या पोरापोरींची एक संघटना आहे, तिची पत्रकं मी लिहिते. मला शिकवलं गेलंय की पत्रकाला मथळा लागतो, दोषी लागतो, मागणी लागते आणि शेवटी सभेची वेळ. यातलं दोषी सगळ्यात महत्त्वाचं. दोषी नसेल तर ते पत्रक नव्हे, ती लग्नपत्रिका.

‘कशाला?’ आलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, सही पाहिजे. आतून विचारणा झाली, कशाखाली. मी बंद दाराला अख्खं पत्रक वाचून दाखवलं. गॅलरीतली दोन पोरं खेळ थांबवून ऐकत राहिली. वाचून झाल्यावर कडी निघाली.

ठेंगणी बाई. केस स्वतःच कात्रीने कापलेले, त्यामुळे एक बाजू वर. खिडकीच्या गजाला दोरीने पेन्सिल बांधलेली होती. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, खिडकीशी गेल्या आणि उभ्या उभ्याच त्यावर रेघा मारायला लागल्या. आधी सगळी उद्गारचिन्हं उडवली. मग मजकुराकडे वळल्या.

पत्रक ओवीसाठी होतं. ओवी परब आमच्या चाळीतली, माझ्या खोलीपासून तिसरं दार. वय सात. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात स्वतःचं रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात नेऊन दुसऱ्याचं चढवावं लागतं. पोरगी जिन्यात मध्येच बसायला लागली की तिची आई सायली पिशवी भरायला घेते. त्यात चादर, पाण्याची बाटली, रंगीत खडू. डॉक्टर म्हणाले होते, हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, देऊन बघू. लागू पडली तर दोन वेळांमधलं अंतर वाढेल. पण ती गोळी हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर कधी असायची, कधी नसायची. रोज घ्यायची गोळी मध्येच तुटली तर काय उपयोग?

आणि घरात सासरे. परब बुवा. आमच्या चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा, आवाज असा की खालच्या दुकानदाराने गिऱ्हाईक थांबवून ऐकावं. त्यांचं एकच पालुपद, असलं काही आमच्या रक्तात नव्हतं, हिच्यासोबत आलं. हा आजार आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होत नाही, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. बुवांनी कागदाकडे बघितलं नाही. नातीबरोबर हॉस्पिटलात ते एकदाही गेले नाहीत.

तर मी लिहिलं होतं, ‘ही गोळी मुलांना रक्ताच्या बाटलीपासून मुक्त करते.’ एका शास्त्रज्ञाची सही त्याखाली हवी होती. बाईंनी ‘मुलांना’ खोडून ‘काही मुलांना’ केलं. ‘मुक्त करते’ खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘मदत करते, काही प्रमाणात, बहुतेक.’

मी त्यांना विचारलं, बहुतेक या शब्दावर आजवर कुठला मोर्चा निघालाय?

त्या म्हणाल्या, “बहुतेक एकही नाही.”

हा शब्द त्यांच्या अंगात होता. चहात साखर आहे का विचारलं तरी बहुतेक. भोईवाड्याच्या बाजारात कोळीण त्यांना ओळखून होती. बाई पापलेट हातात घेऊन विचारायच्या, ताजं कशावरून? कोळीण म्हणायची, वास घे. बाई वास घेऊन म्हणायच्या, बहुतेक ताजं आहे. त्यावर ती भडकायची, “बहुतेक काय गो? माझं पापलेट बहुतेक मेलंय काय?” आणि तरी सगळ्यात चांगला नग त्यांच्यासाठीच बाजूला ठेवायची. मला याचा उलगडा झाला नाही. बाईंच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. हा मजकूर वाचून त्या कोण होत्या ते तुम्हाला पूर्ण कळेल अशी आशा ठेवू नका.

सही त्यांनी दिली नाही. पण परत यायला सांगितलं. मी गेले, कारण मला दोषी हवा होता आणि ही बाई आयुष्यभर दोषी शोधायच्याच खात्यात काम करून आली होती असं मला वाटत होतं.

त्यांचं काम त्यांनी मला बशीतला चहा फुंकत फुंकत सांगितलं. प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच सगळा मजकूर असतो. डोळ्याच्या पेशीत तोच, कातड्याच्या पेशीत तोच. जनुक म्हणजे त्यातला एकेक तुकडा. पेशी मूळ मजकूर जागचा हलवत नाही, हव्या त्या तुकड्याची तात्पुरती नक्कल काढते. त्या नकलेला आरएनए म्हणतात, आणि पुढचं काम त्या नकलेवरून चालतं. नक्कल निघाली नाही तर जनुक असूनही नसल्यासारखं. कुठल्या तुकड्याची नक्कल निघते, केव्हा, किती, एवढंच त्या बघत आल्या होत्या.

मी म्हटलं, म्हणजे झेरॉक्स. त्यांना ते चाललं. मग मी विचारलं, झेरॉक्सवाला कोण?

मशीन आहे, त्या म्हणाल्या, पण मशीनला स्वतःहून पान सापडत नाही. कोणीतरी पान उलगडून धरतं, कोणी मशीनला हाताला धरून आणतं, कोणी त्याच पानावर फतकल मारून बसतं आणि मशीनला जवळ येऊच देत नाही. हे सगळे म्हणजे प्रथिनं. एकाच्या म्हणण्यावर काही होत नाही. जमावं लागतं.

मग त्यांनी ओवीचं सांगितलं, आणि मी सरसावून बसले. मूल पोटात असताना त्याच्या रक्तासाठी एक वेगळं जनुक चालू असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि मोठेपणाचं चालू होतं. ओवीचं मोठेपणाचं जनुक बिघडलेलं आहे. पण पोटातलं? ते धडधाकट आहे. आजही तिच्या पेशींमध्ये आहे. फक्त त्याची नक्कल निघत नाही. ती गोळी घेतल्यावर काहींच्या पेशींत ती पुन्हा थोडी निघायला लागते.

चांगलं जनुक पोरीच्या अंगात पडून आहे आणि ते बंद ठेवलंय. मी पेन काढलं.

“कोणी बंद केलं?”

“एक प्रथिन आहे. ते तिथे येऊन बसतं.”

“त्याला हटवा मग.”

“ते ओवीच्याच पेशींनी बनवलेलं आहे, मथळे.” त्या मला मथळे म्हणायच्या, पहिल्या दिवसापासून. “आणि त्याला दुसरीकडेही कामं आहेत. मेंदूत आहेत. सरसकट हटवलंस तर तिथे कोण बसणार?”

“पण त्याला इथे बसायला सांगितलं कोणी?”

“त्याचंही जनुक असतं. त्याची नक्कल काढवून घेणारे आणखी कोणी असतात.”

“आणि त्यांना?”

“त्यांनाही.”

“मग मूळ कुठे आहे?”

“मूळ नाही. घोळका आहे.”

मी पेन खिशात ठेवलं. खरं सांगते, मला फसवल्यासारखं झालं. मालक नाही, मुकादम नाही, दलाल नाही, तरी एका पोरीचं चांगलं जनुक बंद पडून राहतं, हे कुठल्या पत्रकात बसवायचं? मी म्हटलं, हुकूम देणारं कोणीतरी असल्याशिवाय एवढा कारभार चालूच शकत नाही. बाईंनी विचारलं, तुमच्या मोर्चात हुकूम कोण देतं? मी सांगितलं, कोणी नाही, आम्ही सगळे मिळून ठरवतो. मग पेशीलाच मालक कशाला हवा तुला, असं त्या म्हणाल्या आणि बशी धुवायला उठल्या. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की आमच्यात खरं म्हणजे संघटनेचे जुने पुढारी घागकाका ठरवतात. पण परत वर जाऊन ते सांगणं बरं दिसलं नसतं.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर फुटपाथवर आम्ही सभा घेतली. सायली ओवीला घेऊन पुढे बसली होती, आणखीही आया होत्या. घोषणा मी दिल्या. गोळी आमच्या हक्काची वगैरे. हॉस्पिटलचे एक साहेब खाली उतरून शांतपणे ऐकत होते. असल्या घोषणांना द्यायचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं: गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, लोकांची दिशाभूल करू नका. ते त्यांनी दिलंही. आमचा आवाज एक पट्टी खाली आला.

बाई त्या दिवशी येते म्हणाल्या नव्हत्या, पण आल्या होत्या. मासळीची पिशवी हातात, गर्दीच्या कडेला. कोणीतरी त्यांना ओळखलं आणि माईक पुढे केला. आता ही लाऊडस्पीकरवर बहुतेक म्हणणार. त्याहून वाईट झालं. त्यांनी सुरुवातच केली, “साहेब बरोबर बोलतायत.”

सायलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ही बाई भाड्याने आणली होती.

“ही गोळी ओवीला लागू पडेल की नाही, मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “यांनाही माहीत नाही. घेतल्याशिवाय कळायचा दुसरा सोपा मार्ग नाही. आणि मध्ये मध्ये तुटली तर घेऊनही कळणार नाही. म्हणून ती रोज मिळाली पाहिजे. कळावं म्हणून.” आणि माईक परत देऊन त्या निघून गेल्या, कारण कोळंबी खराब होत होती.

टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना कळेना, ही आपल्या बाजूची की त्यांच्या. मलाही कळेना. पण साहेबांनी दिशाभूल हा शब्द पुन्हा काढला नाही. त्यांनी सायलीला वर बोलावून घेतलं. काही दिवसांनी गोळी खिडकीवर नियमित मिळायला लागली. आमच्या पत्रकात आम्ही अर्थातच लिहिलं की घोषणांनी परिसर दणाणला. दणाणला होताच. पण गोळी कशाने मिळाली असं कोणी मला एकटीला गाठून विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

गोळी सुरू झाली आणि काहीच झालं नाही. आठवडे गेले, महिने गेले. ओवी जिन्यात बसायची, सायली पिशवी भरायची. रोज सकाळी नळावर सायली मला विचारायची, चालेल ना गं? तिला उत्तर माझ्याकडून हवं होतं, कारण मोर्चा मी काढला होता. तिचा नवरा भला माणूस, पण बापापुढे तोंड उघडत नव्हता. घरात बुवांनी सुनावलं होतं की गोळीचं सोंग पण झालं, आता हिला माहेरी पाठवा, पोरीला घेऊन हवापालट करून येऊ दे. हवापालट म्हणजे काय ते सायलीला बरोबर कळलं होतं. गावाला रक्त कुठे मिळणार?

मी भोईवाड्यात जाऊन बाईंवर ओरडले. ही गोळी ते बंद जनुक उघडते कशी ते तरी सांगा, म्हणजे मी सायलीला काहीतरी सांगेन.

“नीट माहीत नाही.”

“कोणाला माहीत आहे?”

“नीट कोणालाच नाही. अंदाज आहेत.”

“मग इतकी वर्षं त्या प्रयोगशाळेत तुम्ही केलंत काय?”

त्यांना राग आला नाही. त्या विचारात पडल्या, जणू मी खरोखरच माहिती विचारली होती. मग म्हणाल्या, “माहीत नाही, हे नेमकं कुठून सुरू होतं ते शोधलं.”

मी दार आपटून गेले. मागे कडी लागली. बाई दार कधी उघडं ठेवायच्या नाहीत, माणूस बाहेर पडला की पाठोपाठ कडी.

त्यानंतरच्या एकादशीला आमच्या चाळीत भजन होतं. संध्याकाळी दिवे लागले की बसतात आणि जेवणाच्या वेळेला आटपतात. बाई आल्या. आमंत्रण कोणी दिलं ठाऊक नाही. बायकांच्या रांगेत शेवटी बसल्या, कोणीतरी टाळ दिले ते घेतले. त्या वाजवतात हे मला माहीत नव्हतं. वडील भोईवाड्याच्या मंडळात पखवाज वाजवायचे, असं मला नंतर तुळसकर वहिनींनी सांगितलं.

ज्यांना भजनाची सवय नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते की सगळं क्रमाने असतं. सुरुवातीला रूपाचा अभंग, म्हणजे विठ्ठलाचं रूप वर्णन करणारा. मधे गौळण. शेवटी भैरवी. भैरवी झाली की टाळ फडक्यात गुंडाळायचे, पखवाजावर कापड घालायचं. त्यानंतर सूर काढायचा नाही. परब बुवा या बाबतीत कडक. एकदा एका नव्या पोराने भैरवीनंतर हौसेने तान घेतली तर त्याला सहा महिने टाळ दिले नव्हते.

मधल्या चहाला बुवा स्वतः बाईंच्या समोर येऊन बसले. कप खाली ठेवला नाही. मालवणीत विचारलं, तुमची गोळी कित्याक चालत नाय? म्हणजे का चालत नाही. मी पुढे झाले, म्हणजे भांडण झालंच तर असावं म्हणून. बाईही मालवणीत गेल्या. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकली.

“बुवा, तुमका रूपाचो अभंग पाठ आसा मां?”

बुवांनी नुसतं बघितलं. हा काय प्रश्न झाला?

“मगे भैरवी झाल्यार कित्याक नाय म्हणत?”

“येळ गेलेली आसता, बाय.”

“गळो तोच. अभंग तोच. इसारलास काय?”

“इसारतलंय कसो?”

“तसाच तुमच्या नातीच्या रगतात झाला हा,” बाई म्हणाल्या. पहिला अभंग तिच्या पेशींना पाठ आहे, पोटात असताना त्या तोच म्हणत होत्या. शेवटचा जो म्हणायला हवा तोच नेमका अर्धामुर्धा आलाय. आता पहिलाच परत म्हणायला लावायचाय. पण वेळ गेलेली आहे, आणि रीत मोडायला पेशीसुद्धा सहज तयार होत नाहीत. गोळी फक्त सांगून बघते.

बुवांनी विचारलं, मग ह्यात सुनेचा काय?

“तिचा काय आणि तुमचा काय. पाठांतर दोघांच्या घरचा आसा.”

बुवा उठून गेले. चहा कपात तसाच होता.

दुसरा भाग झाला. भैरवी झाली. पखवाजवाल्या नाईकांनी कापड घेतलं, टाळ गोळा व्हायला लागले, बायका पदर सावरत उठल्या. बुवा उठले नाहीत. पेटी पुढ्यात होती. त्यांनी डोळे मिटले आणि रूपाचा अभंग सुरू केला.

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग नाईकांचा हात कापडावर राहिला. मंडळातला एक म्हातारा म्हणाला, बुवा, भैरवी झाली. बुवा गात राहिले. साथ नाही, टाळ नाही, एकटा आवाज. दारात सायली ओवीला पुढ्यात धरून उभी होती. बुवांनी डोळे उघडले ते ओवीकडे बघतच, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले, जसं समोरच्याला पाठ करून घ्यावं.

मला कळलं काय चाललंय ते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी उदाहरण खरं धरलं होतं. इथे रीत मोडली की तिथे पेशी रीत मोडतील, असा त्यांचा हिशेब. मी अंधश्रद्धेवर तीन पत्रकं लिहिलेली आहेत. माझ्या डोळ्यांदेखत एका शास्त्रज्ञ बाईच्या बोलण्याचा नवस झाला होता. मी बाईंकडे बघितलं. आता त्या उठतील आणि एका शब्दात हे थांबवतील.

बाईंनी मांडीवरचे टाळ उचलले आणि ठेका धरला.

मग नाईकांनी कापड काढलं. बाकीचे बसले. सगळे नाही, दोघेतिघे चपला घालून निघून गेले.

मी त्यांना भोईवाड्यापर्यंत सोडायला गेले, म्हणजे जाब विचारायला. उड्डाणपुलाखालून चालत होतो. मी विचारलं, अभंगाने जनुक चालू होतं का?

“नाही,” त्या म्हणाल्या. “नक्की नाही.”

‘नक्की’ मी त्यांच्याकडून तेवढं एकदाच ऐकलं. मग टाळ का वाजवलेत, असं मी विचारलं. सिग्नल आला, गेला. मला वाटलं आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

“बुवांचा अर्थ चुकला,” त्या म्हणाल्या. “मी दुरुस्त करायला तोंड उघडणार होते. आणि हात टाळावर गेला. का ते कळलं नाही मला.”

“तुम्हाला पटत नाही आणि तरी?”

“तो म्हातारा पोरीकडे बघत होता गं.” मग लगेच, जणू जास्त बोलून गेल्या, “उदाहरण वाईट होतं. पुढच्या वेळी झेरॉक्सचं देईन.”

पुढच्या वेळी ओवीला रक्त चढवायला नेलं तेव्हा सायलीच्या हातात पिशवी नव्हती, ती बुवांच्या हातात होती. माहेरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. अभंगाने काही होणार नाही असं मी त्यांना जिन्यात तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, बरा, आणि ओवीला कडेवर घेऊन उतरले. माझ्याशी कोणी वादच घातला नाही तर मला काय करावं सुचत नाही.

आणि त्याच्याही पुढच्या वेळी सायलीने नेहमीच्या अंदाजाने पिशवी भरून ठेवली, आणि ओवी जिना धावत चढून आली. तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, आज नको, थोडं थांबू. सायली तीच पिशवी तशीच घेऊन परत आली. चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

चाळीत एकदम उत्तरं तयार. मंडळ म्हणालं, अभंग. आमची संघटना म्हणाली, लढा. घागकाकांनी मथळाही दिला, ‘लढ्याला यश’. सायलीचा नवरा म्हणाला, गोळी. डॉक्टर म्हणाले, पेढे वाटू नका, अजून बघायचंय. अभंगाचं तर मी धरतच नाही. पण लढा म्हणावं तर साहेबांना गप्प करणारं वाक्य आमचं नव्हतं. गोळी म्हणावं तर कशी ते कोणाला सांगता येत नव्हतं. मी पत्रक लिहायला बसले आणि मथळ्याखाली काही उतरेना. दोषी कोण ते सापडत नव्हतंच. आता तर श्रेय कोणाला द्यायचं तेही सापडेना.

बाई तेव्हा छातीच्या दुखण्याने आजारी होत्या. हॉस्पिटलातून घरी आणलं होतं आणि बहिणीची मुलगी त्यांना कुडाळला न्यायला येणार होती. त्या तिकडेच गेल्या. तिथून काही महिन्यांनी त्या वारल्याची बातमी आली. म्हणजे मी सांगते आहे ती दुपार शेवटची, फक्त मला ते माहीत नव्हतं.

कडी वाजवली. बऱ्याच वेळाने आवाज आला, दाराच्या अगदी जवळून, म्हणजे त्या तिथवर येऊन टेकून उभ्या असणार.

“कोण?”

“मी. मथळे.”

“कशाला?”

आणि मला सांगता येईना. हातात पत्रक नव्हतं. सही नको होती. मी म्हटलं, “ओवीचं रक्त लांबलं, बाई. का लांबलं ते मला कळत नाही.”

कडी निघाली.

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. केसांची वरची बाजू आणखी वर गेली होती. खुर्ची आणते म्हटलं तर हातानेच नको केलं.

“किती लांबलं?”

“थोडं.”

“थोडं,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, हळू, जिभेवर घोळवल्यासारखं, “थोडं.” आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. मी आयुष्यात एवढ्या घोषणा दिल्या, एवढी यशं छापली, पण त्या एका शब्दावर कोणी असं खूश झालेलं मी बघितलेलं नाही. मी विचारलं, गोळीनेच ना? त्या म्हणाल्या, बहुतेक. मग दम लागला म्हणून हात हलवून, जा आता, असं केलं.

मी गॅलरीतून चालत जिन्यापर्यंत आले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मागे कडी लागल्याचा आवाज आला नव्हता. मी वाकून बघितलं. कोपऱ्यातलं दार इतरांच्या दारांसारखं सताड उघडं होतं, आणि बाई उंबऱ्यात अजून तशाच उभ्या होत्या, चौकटीवर बोटांनी कसलातरी ठेका धरून.